पेवांचे गाव हरिपूर

हरिपूर हे गाव सांगली शहराच्या नैर्ऋत्येला तीन-चार किलोमीटरवर, कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर वसले आहे. इस्लामपूरकरांना या दोन्ही नद्या परक्या नाहीत. त्यांच्या वाळवा तालुक्याच्या एका अंगाने कृष्णा वाहते, दुसऱ्या अंगाने वारणा. बोरगाव, बहे, वाळवा ही गावे कृष्णेची, तर ऐतवडे, कुरळप वारणेकडची. दोघींचे पाणी हरिपुरात एक होते. भाविकांसाठी हे संगमाचे गाव आहे. हळदीच्या व्यापाऱ्यांच्या तोंडी मात्र त्याचे नाव वेगळ्या कारणाने राहिले. गावाच्या जमिनीखाली शेकडो पेवे खोदलेली होती आणि सांगलीच्या बाजारात आलेली हळद त्यांत वर्षानुवर्षे साठवली जात होती.

‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार मराठीत रोज वापरला जातो. क्लासचे पेव फुटते, चॅनेलांचे फुटते, पुतळ्यांचेही फुटते. पेव डोळ्यांनी पाहिलेली माणसे मात्र कमी होत चालली आहेत. पेव म्हणजे धान्य साठवण्यासाठी जमिनीत खोदलेला खोल खड्डा, वरून अरुंद तोंडाचा आणि आत पोट सुटलेल्या लोट्यासारखा. सातारा, सांगली, सोलापूरकडच्या गावांत ज्वारीची पेवे असत. हरिपूरकरांनी तेच तंत्र हळदीसाठी वापरले आणि त्यावर एका मोठ्या बाजाराची मदार उभी राहिली.

हळद पेवात पडण्याआधी तिला बरेच सोसावे लागते. लागण अक्षय तृतीयेच्या सुमारास होते आणि पीक साडेआठ-नऊ महिने रानात उभे राहते. पाला कापून कंद काढले की त्यांची वेगवेगळी वर्गवारी होते : जेठे गड्डे, बगल गड्डे, हळकुंडे आणि सोरा गड्डे. हळकुंडे काहिलीत शिजवतात. ही काहील गुळाच्या गुऱ्हाळातली. कृष्णाकाठी पुराच्या दिवसांत माणसे तिच्यात बसून पाणी पार करतात. एकाच भांड्यात गूळ, हळद आणि माणूस, अशी सोय इतरत्र क्वचितच सापडेल. अलीकडे वाफेवर शिजवणारी यंत्रे आली असून त्यांत वेळ आणि जळण दोन्ही वाचते. शिजलेली हळद दहा-पंधरा दिवस उन्हात वाळते आणि मग फिरत्या पिंपात घासून तिला चकाकी आणतात. शंभर किलो ओल्या कंदांतून वाळलेली हळद हाती लागते ती साधारण वीस-पंचवीस किलो. इतक्या खटाटोपाने तयार झालेल्या मालाला कीड लागली, तर वर्षभराचे कष्ट भुग्यात जातात.

त्या किडीवरचा उपाय म्हणजे पेव. हरिपूरची जमीन त्याला सोयीची निघाली. इथला मातीचा थर घट्ट आणि खोल आहे; खोदले तर ढासळत नाही आणि पावसाचे पाणी सहज आत झिरपू देत नाही. वीस-पंचवीस फूट खोल खणायचे, तळाशी आणि कडेने पाल्यापाचटाचा जाड थर द्यायचा आणि त्यात हळद ओतायची. मग तोंडावर झाकण ठेवून ते मातीने लिंपून टाकायचे. एका पेवात शंभर-दोनशे क्विंटल माल सहज मावे. वरून पाहणाऱ्याला अंगणातली साधी जमीनच दिसे.

पुढचे काम हवा करते, किंबहुना हवेचा अभाव करतो. बंद पेवात किडींच्या श्वसनाने प्राणवायू संपत जातो व कार्बन डाय-ऑक्साइड वाढतो. कीड गुदमरून मरते आणि नवी पैदास होत नाही. जमिनीखाली तापमान फारसे हलत नाही आणि उजेड तर पोहोचतच नाही. हळदीचा पिवळा रंग ज्या कुर्क्युमिनमुळे असतो, ते उजेडात विघटित होते. त्यामुळे अंधारातली हळद आपला रंग राखून असते. कोणतेही औषध न मारता माल काही वर्षे टिकतो. मात्र जी हवा किडीला मारते, ती माणसालाही सोडत नाही. म्हणून पेव उघडले की लगेच कोणी आत उतरत नाही. तोंड काही तास मोकळे ठेवतात आणि पेटता दिवा दोरीने खाली सोडून पाहतात. दिवा विझला तर अजून थांबायचे.

हळद टिकते म्हटल्यावर ती थांबवून ठेवता येते, आणि माल थांबवता आला की बाजाराचे स्वरूपच बदलते. काढणीच्या हंगामात भाव पडतो. ज्याच्याकडे साठवणीची सोय नाही, त्याला तेव्हाच विकावे लागते. ज्याच्याकडे पेव आहे, तो श्रावणापर्यंत थांबतो, वाटल्यास पुढच्या वर्षापर्यंतही. सांगलीत हळदीचा वायदे बाजार उभा राहिला, त्याचे मूळ या थांबण्यात आहे. पुढच्या महिन्यांचे सौदे आज करायचे, तर तेव्हा द्यायला माल जाग्यावर असला पाहिजे, आणि तो हरिपुरात जमिनीखाली होता. ‘स्पाइसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंज’ ही एके काळी हळदीच्या वायद्यांसाठी ओळखली जाणारी मान्यताप्राप्त संस्था सांगलीचीच होती. पेव नसते तर सांगली हळदीची एक बाजारपेठ राहिली असती. देशभरच्या हळदीचा भाव जिथे ठरतो, अशा मोजक्या गावांत तिची गणना होणे अवघड होते.

हळदीला ‘पिवळे सोने’ म्हणतात ते उगीच नाही. लग्नाच्या घरी पहिला मान तिचा, खंडोबाच्या भंडाऱ्यात तीच. कराड तालुक्यातल्या पालीची यात्रा असो वा जेजुरीची सोमवती, डोंगर सोन्याचा होतो तो हळदीनेच. जिल्ह्यातली जी माणसे खऱ्या सोन्यामागे गेली, ती मात्र नदीकाठची नव्हती. खानापूर, आटपाडी, तासगावकडच्या दुष्काळी रानातली माणसे गलाईचा, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा, धंदा घेऊन भारतभर पसरली. पाणी असलेल्यांनी हळद आणि पुढे ऊस धरला, पाणी नसलेल्यांनी मूस आणि भट्टी. एकाच जिल्ह्याच्या दोन पिवळ्या वाटा पावसाने ठरवल्या.

सोन्याच्या हव्यासाने आकार घेतलेल्या नदीकाठाचे जगातले ठळक उदाहरण कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोचे आहे. तेही संगमावरचे शहर. जानेवारी 1848 मध्ये अमेरिकन नदीच्या काठी, जॉन सटर यांच्यासाठी बांधल्या जात असलेल्या लाकडाच्या गिरणीच्या पाटात जेम्स मार्शल यांना सोन्याचे कण दिसले. पुढच्या काही वर्षांत सुमारे तीन लाख माणसे कॅलिफोर्नियात धावली. अमेरिकन नदी सॅक्रामेंटो नदीला मिळते तिथल्या धक्क्यावर बोटी लागत आणि खाणींकडे जाणारा प्रत्येक जण तिथून फावडी, घमेली, पीठमीठ विकत घेई. सॅम ब्रॅनन हा दुकानदार सोन्याची बातमी ओरडत सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांतून फिरला. त्याआधी त्याने खणायची हत्यारे विकत घेऊन ठेवली होती. तो गबर झाला. खणणारे बहुतेक हात हलवत परतले.

सांगलीतही याच्या जवळ जाणारे एक वर्ष येऊन गेले. 2010 च्या अखेरीस हळदीचा भाव क्विंटलला 15 हजार रुपयांच्या पुढे गेला. आदल्या वर्षांच्या मानाने तो स्वप्नवत होता. देशभर शेतकऱ्यांनी लागण वाढवली, हळदीखालचे क्षेत्र फुगले आणि 2012 पर्यंत भाव पाच हजारांच्या खाली घसरला. ‘अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे’ या म्हणीचा इतका शब्दशः दाखला शोधून मिळणार नाही. थांबण्याची सोय असलेल्यांना त्या दोन वर्षांत श्वास घ्यायला जागा होती. काढणी झाली की कर्जाचा हप्ता भरावा लागणाऱ्यांना नव्हती.

सॅक्रामेंटो आणि हरिपूर यांच्यातले खरे साम्य पुराचे आहे. सॅक्रामेंटो 1850 च्या जानेवारीत बुडाले, 1861-62 च्या हिवाळ्यात पुन्हा बुडाले. तेव्हा तिथल्या लोकांनी शहर सोडले नाही. रस्तेच वर उचलले. 1860 आणि 1870 च्या दशकांत बांध घालून, भराव टाकून रस्ते इतके चढवले, की जुने तळमजले तळघरे होऊन बसले. ती तळघरे आता पर्यटकांना पैसे घेऊन दाखवली जातात. जुन्या नदीकाठाचा तो भाग जतन केलेला आहे आणि शेजारी रेल्वेचे मोठे संग्रहालय आहे.

हरिपूरला असे वर उचलता येण्यासारखे नव्हते, कारण त्याची सगळी मिळकत खाली होती. पेवाची रचना वरून पडणाऱ्या पावसाला तोंड देते. तोंडावरून वाहणाऱ्या नदीला नाही. 2005 च्या जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णा-वारणेचे पाणी पात्राबाहेर पसरले, तेव्हा ते पेवांत शिरले. वाळलेली हळद पाणी शोषते, फुगते, मग तापते आणि कुजते. अशा मालाला कुणी हात लावत नाही. पेव फुटण्याचा अर्थ त्या वर्षी उलटा झाला. व्यापाऱ्यांचे नुकसान मोठे होते, पण त्याहून मोठा धक्का विश्वासाला बसला. पिढ्यान्‌पिढ्या सुरक्षित मानलेली जागा एका पावसाळ्यात धोक्याची ठरली. त्यानंतर माल गोदामांत आणि शीतगृहांत जाऊ लागला. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेले, तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. तोवर हळद बहुतांशी जमिनीवर आलेली होती.

गंमत अशी, की पेवांचा वापर ओसरल्यावर त्यांना कागदोपत्री मान मिळाला. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिच्या वेगळेपणाच्या वर्णनात जमिनीखालच्या या साठवणीचा उल्लेख आला. हळदीच्या हक्काचा प्रश्न त्याआधीही एकदा जगापुढे आला होता. जखम भरून काढण्यासाठी हळद वापरण्यावर अमेरिकेत 1995 मध्ये पेटंट दिले गेले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली त्याला आव्हान दिले आणि 1997 मध्ये ते रद्द झाले. प्रत्येक आजीला ठाऊक असलेली गोष्ट आधीपासून ठाऊक आहे, हे जुन्या ग्रंथांचे पुरावे जोडून सिद्ध करावे लागले.

आज पीक म्हणून हळदीचे माहेर सरकले आहे. हिंगोली-नांदेडकडे तिचे क्षेत्र सांगलीपेक्षा मोठे झाले, आणि वाळवा-मिरज पट्ट्यात उसाने तिला मागे सारले. बाजार मात्र सांगलीत टिकून आहे. मराठवाड्याची, कर्नाटकाची, तेलंगणची हळद इथे सौद्यांना येते. व्यापाऱ्यांच्या तोंडी अजून ‘राजापुरी’ हे नाव आहे आणि शेतात ‘सेलम’ वाण दिसतो.

इस्लामपूरहून हे सारे पाहायला एक दिवस पुरतो. आष्टा, कसबे डिग्रज मार्गे सांगली सुमारे 40 किलोमीटर. कसबे डिग्रजला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे हळदीवर काम करणारे संशोधन केंद्र आहे. ‘फुले स्वरूपा’ हा वाण तिथलाच. पुढे सांगलीत शिरताना 1929 चा आयर्विन पूल लागतो. पुराच्या दिवसांत साऱ्या जिल्ह्याचे डोळे ज्या आकड्यांवर खिळतात, ते इथलेच. पुलापासून जवळच पहिले चिंतामणराव पटवर्धन यांनी बांधलेले गणपतीचे मंदिर आणि जुन्या व्यापाराची गणपती पेठ. हळदीचे सौदे पाहायचे तर मार्केट यार्डात फेब्रुवारी ते मे या काळात सकाळी जावे. हमालांच्या अंगावरची पिवळी धूळ आणि नाकात बसणारा वास हंगामाची खूण सांगतो. संगमासाठीही हेच महिने बरे. पाणी उतरलेले असते आणि घाट मोकळे होतात.

सांगलीतून हरिपूरचा रस्ता बागेतल्या गणपतीवरून जातो. चिंचेच्या जुन्या झाडांची सावली हे या रस्त्याचे वैभव. गावात पेव शोधायचे तर गावातल्याच माणसाला विचारावे लागते. बरीच बुजवली गेली, काहींवर घरे उठली. उरलेली जमिनीच्या पातळीला असल्याने नवख्याच्या पायाखालून निसटतात. ‘संगीत शारदा’ (1899) लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल यांचा जन्म याच गावचा, 1855 सालचा. पैशाच्या लोभाने कोवळ्या मुलीला म्हाताऱ्याच्या बोहल्यावर चढवणाऱ्या बापाचे ते नाटक. हळदीच्या गावच्या माणसाने ते लिहावे, हा योगायोग मोठा बोलका आहे.

शेवटी संगमेश्वराचे देऊळ. श्रावणातल्या सोमवारी इथे पाय ठेवायला जागा नसते. एरवी घाटावर धुणे, पोहायला आलेली पोरे आणि शांतता. पायऱ्यांवरून पाहिले की पश्चिमेकडून येणारी वारणा कृष्णेत शिरताना दिसते. पलीकडचा काठ कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्याचा, गाव कोथळी. तिकडे जायला पूर्वी नाव लागे, आता हरिपूर-कोथळी पूल झाला आहे आणि पलीकडच्या काठाला गाडीने पाच मिनिटांत पोहोचता येते.