तोंडातच तयार होणारं विष

दाढ ठणकायला लागली की दारूची गुळणी कर, असा सल्ला आजही अनेकांना मिळतो. घटकाभर बधिरपणा येतो, म्हणून त्यावर विश्वासही बसतो. कीड मात्र दाढेत तशीच राहते आणि तोंडाचं नाजूक अस्तर पोळून निघतं.

दारू म्हटलं की आपल्याला यकृत आठवतं. पण तिचा पहिला मुक्काम तोंडात, आणि नासाडीही तिथूनच सुरू होते. शरीरात इथेनॉलचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड बनतं. ते पेशीतल्या डीएनएला चिकटतं आणि त्यात बिघाड करतं. यकृताकडे त्याचा चटकन निचरा करणारं विकर भरपूर असतं. तोंडात ते फारच कमी. त्यात भर म्हणजे जिभेवर आणि हिरड्यांच्या कडेला राहणारे नायसेरिया, स्ट्रेप्टोकॉकस असे जिवाणूही इथेनॉलपासून अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार करतात. त्यामुळे पिताना लाळेतलं त्याचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतं. दातांची निगा नसेल तर आणखी वाढतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. बिअर, वाइन, व्हिस्की, देशी असा भेद त्यात नाही. ‘मी फक्त बिअर घेतो’ या समाधानाला म्हणूनच आधार उरत नाही.

आपल्याकडे खरी भीती वाटते ती ग्लासाशेजारच्या तंबाखूच्या पुडीची. इथेनॉलमुळे अस्तराची रोखून धरण्याची ताकद कमी होते आणि तंबाखूतली नायट्रोसअमाइन्स ही घातक रसायनं सहज आत शिरतात. दोन्ही व्यसनं एकत्र आली की धोका नुसत्या बेरजेपेक्षा पुष्कळ वाढतो. भारतीय पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, ते योग्यच झालं. पण या जोडगोळीबद्दल आपण अजून पुरेसं बोलत नाही.

दातांचं नुकसान वेगळंच. वाइनचा सामू साधारण ३ ते ४, तर ५.५च्या खाली दातावरचं कवच विरघळू लागतं. नेहमीच्या पिण्याने तोंड कोरडं पडतं, आम्ल धुऊन काढणारी लाळ अपुरी पडते, हिरड्याही सुजतात.

दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला तर तो दुखत नसला तरी दंतवैद्याला दाखवायला हवा. आणि सोडायला उशीर झाला असं मानून पीत राहण्यात अर्थ नाही: दारू कमी केली किंवा सोडली तर तोंडाच्या कर्करोगाचा धोका घटतो, याला पुरेसा पुरावा असल्याचं त्याच कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये जाहीर केलं आहे.