मानसोपचारांच्या नोंदीत समान नावे का हवीत?

बंगळुरू येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेच्या, अर्थात ‘निम्हान्स’च्या नेतृत्वाखाली २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत सर्वेक्षण झाले. निरनिराळ्या मानसिक विकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित असल्याचे त्यात आढळले. ही दरी किती भरून निघाली हे मोजायचे, तर दिलेल्या उपचारांची नोंद सर्वत्र एकाच पद्धतीने व्हायला हवी.

आजारांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आहे; त्याची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. उपचारांची नोंद मात्र अनेकदा ‘समुपदेशन’ या एकाच शब्दात होते. कुटुंबीयांशी केलेली चर्चा, विचार बदलण्याचा सराव आणि दूरध्वनीवरून दिलेला धीर, हे सारे त्यातच सामावते. रुग्ण दुसऱ्या गावी गेल्यास आधी नेमके काय झाले, हे तेथील डॉक्टरांना कळणे अवघड जाते.

संघटनेच्या आरोग्य-उपचार वर्गीकरणात यासाठी तीन बाबी नोंदवल्या जातात : उपचार कशावर, कृती कोणती आणि ती कोणत्या मार्गाने.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांप्रमाणेच विम्याची तरतूद आहे. उपचारांना निश्चित नावे मिळाल्यास हा हक्क बजावणेही सुकर होईल.