मेलबर्नच्या गल्लीत बाबा बुदान!

मेलबर्नला जाताय? मग गाइडबरोबर पायी कॉफी-भटकंती करायलाच हवी! सुरुवात फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनसमोरच्या डिग्रेव्ह्ज स्ट्रीटवर. पुढे बर्क स्ट्रीटवरचं १९५४ सालचं पेलेग्रिनीज. इटालियन एस्प्रेसोची चटक शहराला लागली ती अशाच ठिकाणी. छोट्या कॅफेंच्या या देशात स्टारबक्सची मात्र डाळ शिजली नाही. २००८मध्ये ८४पैकी ६१ दुकानांना टाळं लागलं.

आता लिटल बर्क स्ट्रीट. छताला खुर्च्या टांगलेला चिमुकला कॅफे, नाव चक्क 'ब्रदर बाबा बुदान'! येमेनहून कॉफीच्या सात बिया चिकमगळूरला आणल्या, अशी ज्यांची आख्यायिका, तेच हे बाबा. म्हणजे नातं थेट आपल्या सह्याद्रीशी. तेव्हा फ्लॅट व्हाइट मागवताना बिया कुठल्या मळ्यातल्या, हेही बिनधास्त विचारा. खरी चव तिथूनच सुरू होते!