घर भाड्याने देताना (लेखांक ६) : हप्ता, घरपट्टी आणि सावित्रीचे पाणी

भाड्यासाठी घेतलेले घर स्वतःचा हप्ता स्वतःच फेडील, ही अपेक्षा महाड-पोलादपूरसारख्या गावांत सहसा पुरी होत नाही. १५ लाखांचे कर्ज ९ टक्के दराने २० वर्षांसाठी काढले, तर मासिक हप्ता सुमारे १३,५०० रुपये पडतो. उदाहरणादाखल भाडे ६,००० रुपये धरले, तर दरमहा साडेसात हजारांची तूट पगारातून किंवा दुकानाच्या गल्ल्यातून भरावी लागते. ही तूट किती वर्षे पेलवेल, ते आधी ठरवावे. घर नंतर पाहावे.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी बहुधा पदरचीच. भाडे अपुरे असताना ही कमाल मर्यादा गाठणे धोक्याचे आहे. बिरवाडीच्या बाजूला औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांसाठी खोल्या बांधणाऱ्याची अडचण निराळी असते. बिनशेती आदेश आणि बांधकाम परवानगी नसेल, तर नुसता घरपट्टीचा उतारा बँकेला पुरत नाही. मग पतपेढी गाठली जाते. तिथे व्याज चढे आणि मुदत आखूड, म्हणून हप्ता फुगतो. शिवाय कारखान्यातले काम कमी झाले की खोल्या रिकाम्या राहतात. भाड्याचा हिशेब बारा नव्हे, दहा-अकरा महिन्यांचाच मांडावा.

खर्चाची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. सावित्री, गांधारी आणि काळ या नद्यांचे पाणी महाडजवळ एकत्र येते. खाडीला भरती असली की ते लवकर ओसरत नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात शहरातले तळमजले बुडाले. अशा घरात मीटर, वायरिंग, दारे, प्लास्टर असा सगळा खर्च एकदम अंगावर येतो आणि दुरुस्ती होईपर्यंत भाडेही थांबते. म्हणून तळमजल्याची सदनिका स्वस्त मिळाली, तरी ती स्वस्त पडेलच असे नाही. २०२१ च्या पुराचे पाणी भिंतीवर कुठवर आले होते, हे शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय इसार देऊ नये. पोलादपूरकडे डोंगरउतारावर दरडीचा धोका तितकाच गंभीर आहे.

कर्जासोबत बँक जो विमा देते, तो पुष्कळदा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो, घराचा नव्हे. १ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्यांकडे उपलब्ध असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत पूर, वादळ आणि दरड यांसोबत बुडालेल्या भाड्याचीही तरतूद आहे. विम्याची रक्कम बाजारभावावर नव्हे, तर बांधकामाच्या खर्चावर ठरते.

इमारत नवी दिसते म्हणून तपासणी टाळू नये. महाडच्या काजळपुऱ्यातली ‘तारिक गार्डन’ ही पाच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२० रोजी कोसळली आणि १६ जणांचा जीव गेला. ती जुनी इमारत नव्हती. भोगवटा प्रमाणपत्र पाहणे आणि अभियंत्याकडून पाहणी करून घेणे, हा खर्च खरेदीच्या किमतीतच धरावा.

प्राप्तिकराचा हिशेब त्यामानाने सरळ आहे. वर्षाच्या भाड्यातून मालकाने प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा होते; उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते, मग गळती काढायला दहा हजार लागोत की लाख. त्यानंतर कर्जाचे व्याज वजा होते. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षाचे व्याजच सुमारे १ लाख ३४ हजार होते, म्हणजे कागदावर तोटा दिसतो. जुन्या करप्रणालीत असा तोटा २ लाखांपर्यंत पगारातून वळता होतो. नव्या प्रणालीत होत नाही.

करार तोंडी ठेवण्याची गावाकडची रीत मात्र महागात पडते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. तो नोंदवला नसेल, तर वादात अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.