चार वर्षांच्या मुलाचं डिस्नेलँड

हाँगकाँगच्या सनी बे स्थानकात डिस्नेलँडची गाडी लागते, तेव्हा आईबाबा पाट्या वाचत असतात आणि मूल खिडक्यांकडे बघत असतं. या गाडीच्या खिडक्या मिकी माउसच्या डोक्याच्या आकाराच्या आहेत: मोठा गोल आणि वर दोन कान. उभ्या प्रवाशांनी धरायच्या कड्याही तशाच. गाडीला चालक नाही, वाटेत एकही स्थानक नाही. काही मिनिटांत प्रवास संपतो. उद्यानाचं फाटक अजून दूर असतं, पण चार वर्षांच्या मुलाची सहल सुरू झालेली असते.

मोठ्यांची सहल त्याच्या कितीतरी आधी, खर्चाच्या आकड्यांपासून सुरू होते. विमान, हॉटेल, प्रवेश यांची बेरीज झाली की घरात ‘पैसे वसूल’ हा एकच मंत्र चालू होतो. सगळ्या राइड झाल्याच पाहिजेत, रात्रीची आतषबाजी चुकता कामा नये. लहान मूल सोबत असेल तर गणित इथेच फसतं. मुलाची उंची किती आणि ते झोपतं केव्हा, या दोन प्रश्नांची उत्तरं आधी कागदावर मांडली, तर बाकीचा बेत आपोआप जमत जातो.

आधी उंची. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यांनुसार मुलांची मध्यम उंची तिसऱ्या वाढदिवसाला साधारण ९६ सेंटिमीटर, चौथ्याला १०३ आणि पाचव्याला ११० असते. हाँगकाँग डिस्नेलँडमध्ये हायपरस्पेस माउंटनसाठी किमान १०२ सेंटिमीटर लागतात, बिग ग्रिझली माउंटनसाठी ११२ आणि आरसी रेसरसाठी १२०. म्हणजे चार वर्षांचं मूल पहिल्या राइडला जेमतेम पात्र ठरतं आणि बाकीच्या दोन्हींना मुकतं. हे तिकडे रांगेच्या तोंडाशी, मापाच्या पट्टीजवळ कळलं तर रडारड ठरलेली. त्यामुळे निघण्यापूर्वी मुलाला भिंतीला उभं करून, बूट काढून, नीट मोजावं.

हा नियम मोडता येत नाही, आणि मोडूही नये. मांडीवर येणारा सुरक्षादांडा ठरावीक आकाराच्या शरीराला घट्ट बसेल असा बनवलेला असतो. लहान मूल झटक्यासरशी त्याखालून निसटू शकतं. जाड तळव्याचे बूट घालून दोन सेंटिमीटर ‘मिळवणारे’ पालक हा धोका स्वतःहून ओढवून घेतात. त्यापेक्षा रायडर स्विचची सोय विचारावी. आई राइडवर जाते, बाबा मुलाजवळ थांबतात. मग पुन्हा पूर्ण रांग न लावता बाबांची पाळी येते.

तिकिटाचा हिशेबही तपासून घ्यावा. वंडरलासारख्या आपल्याकडच्या उद्यानात मुलाचं तिकीट उंचीवर ठरतं. हाँगकाँग डिस्नेलँडमध्ये ते वयावर ठरतं: तीन वर्षांखाली प्रवेश फुकट, ३ ते ११ वयाला मुलांचं तिकीट. शिवाय दर तारखेनुसार बदलतात.

मोठ्या राइड हुकल्या म्हणून मुलाचं फारसं बिघडत नाही. वॉल्ट डिस्ने यांना डिस्नेलँडची कल्पना सुचली ती लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये, मुली मेरी-गो-राउंडवर बसलेल्या असताना स्वतः बाकावर बसून राहावं लागलं तेव्हा, असं ते सांगत. मोठ्यांना आणि मुलांना एकत्र मजा करता येईल अशी जागा हवी, हा तो विचार. १७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियात अनाहाइमला पहिलं डिस्नेलँड उघडलं. सप्टेंबर २००५ मध्ये लांताऊ बेटावर सुरू झालेल्या हाँगकाँगच्या उद्यानातही फँटसीलँडचा भाग हाच विचार जपतो. डंबो हत्ती, सिंड्रेलाचं कॅरोसेल, विनी द पूह यांना उंचीची अट नाही. ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ ही संथ बोटसफर मुळात १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यासाठी बनली. देशोदेशीच्या पोशाखांतल्या नाचऱ्या बाहुल्या बघत, वातानुकूलित गारव्यात बसायला मिळतं, म्हणून ती भर दुपारसाठी राखून ठेवावी.

आता झोप. हाँगकाँगचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे आणि पहिले एकदोन दिवस मुलाचं शरीर मुंबईच्याच वेळेवर चालतं. तिथे सकाळचे दहा वाजतात तेव्हा त्याचे साडेसात झालेले असतात. त्याला पहाटे उठवून फाटकावर उभं करण्याचा आग्रह म्हणूनच महागात पडतो. घरी दुपारी एकला झोपणारं मूल तिथे साडेतीनला पेंगणार. त्या वेळी बाबागाडी भाड्याने घेऊन सावलीत तासभर थांबावं, किंवा हॉटेल जवळ असेल तर खोलीवर जावं. या हिशेबाचा फायदा रात्री होतो. किल्ल्यासमोरचा प्रकाशखेळ नऊच्या सुमाराला सुरू झाला, तरी मुलाच्या लेखी ते साडेसहाच असतात. दुपारची झोप झाली असेल तर ते खांद्यावर बसून टक्क डोळ्यांनी सगळा खेळ बघतं.

मोसमाच्या बाबतीत मराठी शाळांची दिवाळीची सुट्टी सोयीची पडते. हाँगकाँगचा उन्हाळा दमट, पावसाचा आणि वादळांचा; ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंतची हवा सुखाची. फक्त १ ऑक्टोबरपासूनचा चीनच्या राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा टाळावा. मे महिन्यात जायचं तर मुसळधार पावसाची तयारी हवी. वीज कडाडू लागली की उघड्यावरच्या राइड थांबतात.

कागदपत्रांत पालक हमखास विसरतात तो मुलाचा पासपोर्ट. आपल्याकडे लहान मुलाचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो. भारतीयांना हाँगकाँगला जाण्यापूर्वी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, आणि ती मुलाच्या नावानेही वेगळी लागते.

एवढा खर्च करण्याआधी घराजवळ रंगीत तालीम करता येते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गापासून जवळ, खोपोलीला २०१३ मध्ये सुरू झालेलं इमॅजिका त्यासाठी उत्तम. मुलाला काळोखाची भीती वाटते का, मोठ्या आवाजाने ते कानावर हात घेतं का, रांगेत किती वेळ तग धरतं, हे एका दिवसात कळतं. माणसाएवढा ससा किंवा उंदीर हात पुढे करत आला की काही मुलं आईच्या ओढणीत तोंड लपवतात. अशा मुलाला फोटोसाठी पुढे ढकलू नये. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहलींमुळे आडवारीही गर्दी होते, हे लक्षात घेऊन दिवस निवडावा.

प्रत्यक्ष दिवशी सकाळी मुलाचा त्या दिवसाच्या कपड्यांतला फोटो मोबाइलवर काढून ठेवावा आणि मनगटावरच्या पट्टीवर ९१ या देशक्रमांकासह फोन नंबर लिहावा. हाँगकाँगला उद्यानात शिरताच मेन स्ट्रीटवर बाळांसाठीचं केंद्र आहे. दूध पाजायची, दुपटी बदलायची सोय तिथे होते.

शक्य असेल तर तिकीट दोन दिवसांचं काढावं. पहिल्या दिवशी मोठ्यांनी यादी हाती धरून फिरावं. दुसऱ्या दिवशी मूल हमखास म्हणणार, ‘परत हत्तीवर!’ तेव्हा यादी खिशात ठेवावी आणि फाटक उघडताच थेट डंबोकडे चालू लागावं. त्या वेळी तिथली रांग सगळ्यांत छोटी असते आणि लागोपाठ दोनतीन फेऱ्या सहज होतात.