फीवर हॉस्पिटलमधली पेशी

हैदराबादच्या नल्लकुंट्यातल्या साथरोग रुग्णालयाच्या पाटीवर सर रोनाल्ड रॉस यांचे नाव आहे. लोक मात्र त्याला फीवर हॉस्पिटल म्हणतात आणि जुनी माणसे कोरंटी दवाखाना. घटसर्प, रेबीज, धनुर्वात, कॉलरा, हिवताप असल्या दुखण्यांचे रोगी इथे येतात. पेशीचा अभ्यास म्हटला की हैदराबादेत बोट दाखवले जाते ते हबसीगुड्याच्या सीसीएमबीकडे, १९७७ साली सुरू झालेल्या संशोधनसंस्थेकडे. ते योग्यच आहे. पण पेशीचा कोणता भाग कशासाठी असतो हे सामान्य वाचकाला समजून घ्यायचे असेल, तर नल्लकुंटा अधिक चांगला शिक्षक आहे. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीला बाण असतात, नावे असतात. एखादा भाग बंद पडला तर काय होते, हे ती सांगत नाही. रोग नेमके तेवढेच सांगतो.

कॉलराचे उदाहरण घ्या. हा जंतू आतड्याच्या पेशी फोडत नाही, त्यांच्या आत शिरतही नाही. त्याचे विष पेशीतले एक कळसूत्र चालू स्थितीत अडकवून ठेवते. हे विष शंभुनाथ डे यांनी १९५९ साली कलकत्त्यात दाखवून दिले. मग प्रद्रव्यपटलातून क्लोराइड बाहेर वाहू लागते, पाठोपाठ सोडियम आणि पाणी. पेशी जिवंत, केंद्रक शाबूत, आणि तरीही रोगी काही तासांत सुकून जातो. आकृतीत पटल म्हणजे कडेची एक रेघ असते. प्रत्यक्षात त्यात अनेक स्वतंत्र दारे असतात, आणि एक दार बिघडले तरी दुसरे चालू राहते. ग्लुकोज आणि सोडियम यांना एकत्र आत घेणारे दार कॉलरातही चालू असते. जलसंजीवनीचा सारा आधार त्यावर आहे. म्हणूनच आजच्या पाकिटात दोन्हींचे प्रमाण सारखे, लिटरमागे ७५ मिलिमोल. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनोबिस यांनी हेच मीठसाखरेचे पाणी सर्रास प्यायला दिले, तेव्हा सुमारे तीस टक्क्यांवर असलेले मृत्यू चार टक्क्यांच्या खाली आले.

यावर कोणी म्हणेल की वैद्यक पेशीशास्त्रावाचून अडले नव्हते. घटसर्पावरचे प्रतिविष एकोणिसाव्या शतकातच निघाले आणि सिंकोनाच्या सालीने ताप उतरतो हे तर त्याहून जुने. हे खरेच आहे. पण प्रतिविष उशिरा दिले तर ते का चालत नाही, याचे उत्तर पेशीवाचून मिळत नव्हते. घटसर्पाचे विष पटल ओलांडून आत गेले की रायबोझोमवर प्रथिने जोडण्याच्या कामाला लागणारा एक घटक निकामी करते. विषाचा एक रेणू आत पोहोचला तरी एक पेशी मरायला पुरतो. प्रतिविष पटलाबाहेरच्या विषालाच पकडू शकते. प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता डॉक्टर ते का देतात, ते यातून कळते. उपचार आधी सापडला हे कबूल. तो कुठे संपतो हे मात्र पेशीनेच सांगितले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रुग्णालयात दिसते ती प्राण्याची पेशी. वनस्पतीची पेशी, तिची भित्तिका, तिची हरितलवके यांचे काय? भित्तिकेचा धडा तर इथेच मिळतो. घटसर्पाच्या रोग्याला प्रतिविषाबरोबर पेनिसिलिनही देतात. ते जंतूची भित्तिका बांधू देत नाही, आणि आपल्या पेशीला भित्तिकाच नसल्याने तिला त्याची झळ लागत नाही. जंतूची भित्तिका वनस्पतीसारखी सेल्युलोजची नसते, हा फरक ध्यानात ठेवायला हवा. परीक्षेसाठी पाठ केलेला ‘प्राणिपेशीत भित्तिका नसते’ हा रकाना इथे औषध बनतो.

हिवतापाने तर प्राणी आणि वनस्पती असा दोन रकान्यांचा तो तक्ताच विस्कटून टाकला आहे. आपली पक्व तांबडी पेशी जेमतेम सात-आठ मायक्रॉनची. तिला केंद्रक नाही, तंतुकणिका नाहीत. आत शत्रू आहे अशी खूण पटलावर मांडायची सोयही तिच्याकडे उरलेली नसते, म्हणून हिवतापाच्या परजीवीला ती लपायला बरी पडते. तो तिथे हिमोग्लोबिन पचवतो आणि उरलेल्या विषारी हीमचे काळे कण करून आपल्या अन्नरिक्तिकेत साठवतो. क्लोरोक्विन घाव घालते ते या रिक्तिकेत. आणि २० ऑगस्ट १८९७ रोजी बेगमपेटला रॉस यांनी अॅनॉफिलिस डासाच्या जठराच्या भिंतीत परजीवी ओळखला, तोही या काळ्या कणांवरूनच. पण खरे नवल पुढे आहे. या परजीवीत चार पटलांचे एक लवक असते. कधीकाळी गिळलेल्या तांबड्या शैवालाचा हा अवशेष. त्याची ओळख १९९६-९७ च्या सुमारास पक्की झाली. ते प्रकाशसंश्लेषण करत नाही, पण परजीवीला त्याच्यावाचून जगता येत नाही. क्विनीनच्या जोडीला दिलेले डॉक्सिसायक्लिन या लवकातली प्रथिननिर्मिती रोखते. म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाच्या रक्तात वनस्पतीच्या वंशाचा एक भाग असतो आणि त्याच्यावर इलाज चालतो.

विषाणूंपुढे मात्र हा युक्तिवाद तोकडा पडतो, हे मान्य केले पाहिजे. रेबीजच्या विषाणूला पेशीच नाही. तो चेतापेशीतल्या वाहतुकीच्या वाटांनीच मेंदूकडे जातो, त्यामुळे वेगळे असे घाव घालायला फारसे काही उरत नाही. लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. लस आणि प्रतिपिंडे द्यायची ती कुत्रा चावताच, विषाणू चेतापेशीत शिरण्याआधी.

घटसर्पाचाही हिशेब तसाच आहे, फक्त तिथे लस रोगाच्या कितीतरी आधी घ्यायची असते. लहानपणीच्या मात्रांनंतर दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीची, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प यांची, लस सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते. घरातल्या मुलांची राहिली असेल तर ती देऊन घ्या.