नाडीची धाव आणि ताठर रक्तवाहिन्या



"वरचा आकडा १७० असला तरी खालचा ७०च आहे ना? वयोमानाप्रमाणे चालायचंच!" असे म्हणून गोळी न घेता घरी जाणारे आपल्यात पुष्कळ आहेत. हा समज घातक आहे.

पंपाचे बटण दाबले की नवे पाणी शेताच्या टोकाला पोचायला वेळ लागतो, पण भरलेल्या पाईपलाईनीत धक्का क्षणात शेवटपर्यंत जातो. नाडीचे तसेच. बोटाला लागतो तो ठोका रक्ताच्या धावेचा नव्हे, लाटेचा. रक्तवाहिनी नव्या रबरी नळीसारखी लवचिक असली तर लाट बेताने जाते, ताठर झाली की सुसाट. वय, मधुमेह, तंबाखू, वाढलेला दाब यांनी ती ताठरते. मग हृदयाचा धक्का झेलायला कुणी उरत नाही. वरचा आकडा चढतो, खालचा उलट उतरतो. म्हणजे खालच्या ७० वर भरवसा ठेवू नये.

हा ताठरपणा सुई न टोचता मोजता येतो. मानेतल्या आणि जांघेतल्या नाडीवर पेन्सिलीसारखे यंत्र टेकवून लाटेला लागणारा वेळ पाहतात. अंतर ५० सेंटिमीटर धरा. सेकंदाच्या दहाव्या भागात पोचली तर वेग सेकंदाला ५ मीटर, विसाव्या भागात पोचली तर १० मीटर. दहाच्या वर गेले की डॉक्टर सावध होतात.

आणखी एक गंमत. दंडावरचा दाब म्हणजे हृदयाच्या तोंडाशी असलेला दाब नव्हे. हातापर्यंत येताना लाट उंचावते. तरुणांत वरचा आकडा दंडावर १०-१५ने जास्त भरतो. उतारवयात ताठर वाहिन्यांतून परतणारी लाट लवकर हृदयाशी आदळते नि हा फरक घटतो. मनगटाच्या नाडीचा आलेख घेऊन आतला दाब हिशेबाने काढतात.

असा आलेख काढणारे यंत्र फ्रान्सच्या मारे यांनी १८६० साली केले. लंडनच्या गाईज हॉस्पिटलातील फ्रेडरिक अकबर महंमद यांनी ते १८७२ साली सुधारले. यांचे आजोबा मूळचे पाटण्याचे बरं का! वरून ठणठणीत दिसणाऱ्या माणसांतला चढा दाब त्यांनी नाडीच्या रेघेवरून ओळखला.

ही यंत्रे गावोगाव नाहीत. पण साध्या पट्ट्याचे दोन आकडे मिळाले की वजाबाकी करा. साठीपुढे फरक ६० किंवा जास्त आला, तर डॉक्टरांना तेवढेच विचारा. अमेरिकेत वरचाच आकडा चढलेल्या ४,७३६ वयस्क माणसांवर चाचणी झाली. तिचा निष्कर्ष १९९१ साली आला: औषध घेणाऱ्यांत पक्षाघात ३६ टक्क्यांनी कमी.